कोऱ्या रकान्यांचं काय करू?

हे पत्र मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातून आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून थोडक्यात सांगते. लिहिणाऱ्या बाई मूळच्या सांगलीकडच्या, रजिस्टर्ड नर्स, ऑस्ट्रेलियात ११ वर्षं. ७२ खाटांच्या एका एज्ड केअर होममध्ये (वृद्धांच्या निवासी शुश्रूषा केंद्रात) ४ महिन्यांपूर्वी क्लिनिकल मॅनेजर झाल्या. होमच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचं ऑडिट आता ६ आठवड्यांवर आलं आहे. तयारीला लागल्यावर त्यांना दिसलं, की अंथरुणाला खिळलेल्या ९ जणांच्या कूस बदलण्याच्या चार्टवर (एकाच जागी दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलतात, त्याची ही नोंद) ३ महिन्यांत शेकडो रकाने कोरे आहेत. काही केअर प्लॅन वर्षभरात कुणी उघडलेलेही नाहीत. जनरल मॅनेजर म्हणाल्या, "ऑडिटच्या आधी रेकॉर्ड अप टू डेट करून घे." त्याचा अर्थ दोघींनाही कळला. हाताखाली एक मराठी मुलगी केअरर आहे, स्पॉन्सर्ड व्हिसावर. ती यांना ताई म्हणते. तिच्याकडून दोन रात्रींचे रकाने भरून घेऊनही झाले आहेत. शिवाय एका आजींची मुलगी सतत तक्रारी करते. तिची आणि ऑडिटरची गाठ पडू नये यासाठी काय करावं, यावर ऑफिसात खल चालू आहे. "सगळीकडे असंच करतात हो. मला एक नीट चेकलिस्ट द्या, आणि मी चुकतेय का तेवढं सांगा," असा पत्राचा शेवट आहे.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. "सगळीकडे असंच करतात हो" या वाक्यापाशी दोन्ही वेळा अडखळले, कारण हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे.

इथल्या माझ्या दुसऱ्या नोकरीतली गोष्ट. तेव्हा चार्ट कागदावर असत. तपासणीच्या आदल्या रात्री मी आणि आणखी एक नर्स साडेअकरापर्यंत बसून फ्लुइड चार्ट, म्हणजे कोण किती मिली पाणी प्यायलं त्याच्या नोंदी, भरत होतो. एकच निळं पेन. १५०, १५०, २००. दुसऱ्या दिवशी आलेल्या बाईंनी एका आजोबांची फाइल उघडली. एका हातात हॉस्पिटलचं डिस्चार्ज पत्र, दुसऱ्या हातात आमचा चार्ट. ज्या मंगळवारी आजोबा डिहायड्रेशन होऊन इमर्जन्सीत ड्रिपवर होते, त्याच मंगळवारी आमच्या चार्टप्रमाणे ते आमच्याकडे १६०० मिली पाणी प्यायले होते. बाई चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. "बाकीच्या कागदांवर मी कसा विश्वास ठेवू?" एवढंच विचारलं. त्या होममधल्या चांगल्या नर्सेसनी वर्षभर मनापासून लिहिलेल्या खऱ्या नोंदीही त्या क्षणी मातीमोल झाल्या.

पण मला आजही लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. आजोबा आठवडाभर नीट पाणी पीत नव्हते, हे आम्हाला सांगणारी एकच गोष्ट त्या खोलीत होती: ते कोरे रकाने. आणि तेच आम्ही भरून टाकले.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आजपासून एकही जुना रकाना भरू नका, कुणाला भरू देऊ नका. तुम्ही कोऱ्या रकान्याला डाग समजताय, त्यामुळे तो झाकावासा वाटतो. मला त्यात माहिती दिसते. ती आधी वाचा.

वाचायची कशी, ते सांगते. त्या ९ जणांचे ३ महिन्यांचे चार्ट छापून घ्या, मोठ्या टेबलावर मांडा, आणि कोऱ्या जागा एका रंगाने रंगवा. तासाभराचं काम आहे. रंग सगळीकडे सारखा पसरलेला दिसणार नाही. बहुतेक ठिकाणी तो शनिवार-रविवारच्या रात्री दाटतो, नाहीतर सकाळी ७ ते ९ च्या अंघोळीच्या गर्दीत. शनिवार-रविवारी दाटला, तर त्या रात्री एजन्सीचा, म्हणजे बाहेरून तात्पुरता आलेला, स्टाफ होता का बघा, आणि त्यांच्याकडे सिस्टिमचं लॉगिन होतं का ते विचारा. मी पाहिलेल्या कितीतरी "नोंदी नाहीत" प्रकरणांचं मूळ इतकं साधं निघालं आहे. एजन्सीची बाई रात्रभर राबते, सकाळी पाळी बदलताना हँडओव्हरच्या कागदाच्या मागे चार ओळी खरडते आणि निघून जाते. तो कागद दुपारी श्रेडरमध्ये जातो. सकाळच्या गर्दीत दाटला, तर प्रश्न रोस्टरचा आहे. दर रेसिडेंटमागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटं काळजी, त्यातली ४४ मिनिटं रजिस्टर्ड नर्सची, हा हिशोब ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. सरासरीत तो बसतोही. पण सकाळी आठ वाजता तीन बेल एकदम वाजतात आणि कॉरिडॉरमध्ये दोनच माणसं असतात, हे सरासरीत दिसत नाही. जनरल मॅनेजरशी बोलायला बसाल तेव्हा तो रंगवलेला कागद सोबत न्या. तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तो जास्त बोलेल.

त्यानंतर कागद बाजूला ठेवा आणि त्या ९ जणांची त्वचा बघा. स्वतः. कंबरेखालचं हाड, टाचा, घोटे, कानाची मागची बाजू. त्वचा सगळ्यांची चांगली असेल, तर कूस बहुधा बदलली जात होती, लिहिलं जात नव्हतं. कुणाच्या माकडहाडापाशी लाली दाबूनही जात नसेल किंवा साल निघालेलं असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे, आणि त्याला ६ आठवडे थांबता येत नाही. जखमेचा चार्ट, डॉक्टर, घरच्यांना फोन हे सगळं त्याच दिवशी. आणि दुर्लक्षामुळे इजा झाल्याचं दिसलं, तर ती गंभीर घटना म्हणून एज्ड केअरवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाला कळवावी लागते. सर्वात गंभीर गटातली असेल तर कळल्यापासून २४ तासांत. ऑडिट जवळ आलंय म्हणून तो फोन लांबवायचा मोह होईल. लांबवू नका.

आणखी एक गोष्ट तपासा. त्या सगळ्यांच्या प्लॅनमध्ये "दर दोन तासांनी" असं एकसारखं लिहिलंय का? मी पैजेवर सांगते, लिहिलं असेल. एअर मॅट्रेसवर असलेल्या, स्वतः थोडंफार हलू शकणाऱ्या बाईंना रात्री २ ला आणि ४ ला उठवण्याची खरंच गरज आहे का, हे कुणी विचारलंय का? त्यांना विचारलंय का? बऱ्याचदा केअररला कळत असतं की गाढ झोपलेल्या म्हातारीला हलवणं बरोबर नाही. ती हलवत नाही आणि रकाना कोरा ठेवते. तिने खोटं लिहिलं नाही, याबद्दल तिचं कौतुक करायला हवं. चुकलाय तो प्लॅन. नर्सने बसून, अंगावर दाब किती येतो ते बघून, प्रत्येकाची वेळ वेगळी ठरवावी आणि ती का ठरवली ते दोन ओळींत लिहावं.

आता "अप टू डेट" या शब्दाबद्दल. राहून गेलेली नोंद नंतर लिहिता येते, त्याला बंदी नाही. ज्याने काम केलं त्यानेच, त्याला खरंच आठवत असेल तर, आजची तारीख-वेळ घालून, "उशिरा केलेली नोंद" असं स्पष्ट लिहून. काल दुपारचं असं लिहिता येईल. तीन महिन्यांपूर्वीच्या एका रात्री सव्वातीनला कोणाला कोणत्या कुशीवर वळवलं, हे जगात कुणालाही आठवत नाही. आणि तुमची सिस्टिम इलेक्ट्रॉनिक आहे. रकान्यात रात्री ३ ची वेळ दिसली, तरी ती नोंद कधी, कुणाच्या लॉगिनने झाली ते मागे कायमचं राहतं.

आपण मराठी माणसं ऑडिट म्हटलं की शाळेत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार असल्यासारखं वागतो. भिंतींना चुना, हुशार पोरं पुढच्या बाकावर, दांडगी पोरं त्या दिवशी घरी. तुमच्या पत्रातल्या तक्रार करणाऱ्या मुलीची गोष्ट नेमकी तीच आहे. पण इथे येणारी माणसं कशामुळे येतात ते आठवा. दक्षिण ऑस्ट्रेलियात ओकडेन इथे स्मृतिभ्रंश आणि मानसिक आजार असलेल्या वृद्धांचे जे हाल झाले, ते २०१७ मध्ये उघड झालं, आणि उघड झालं ते एका कुटुंबाने तक्रार लावून धरली म्हणून. त्या जागेची कागदोपत्री मान्यता तोवर शाबूत होती. पुढे २०१८ मध्ये रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) नेमलं गेलं, १ जानेवारी २०१९ ला सध्याचा गुणवत्ता व सुरक्षा आयोग सुरू झाला, मार्च २०२१ मध्ये १४८ शिफारशींचा अंतिम अहवाल आला, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून नवा कायदा आणि सात नवी मानकं लागू झाली. नव्या कायद्याची सुरुवात वृद्ध माणसाच्या हक्कांपासून होते. कागदावर चोख दिसणाऱ्या जागी माणसं कुजत होती, हा या सगळ्यामागचा धडा आहे. त्यामुळे ऑडिटर नुसती फाइल वाचून जात नाहीत. ते बघतात, रेसिडेंटशी आणि घरच्यांशी बोलतात, केअररला विचारतात, आणि मग हे सगळं फाइलशी ताडून बघतात.

तुम्ही चेकलिस्ट मागितलीत. मी ७२ जणांच्या चेकलिस्टऐवजी एक माणूस देते. गिळायला त्रास होणारी एखादी रेसिडेंट निवडा आणि सकाळी पावणेसातला तिच्या मागे लागा. स्पीच पॅथॉलॉजिस्टचं (बोलण्या-गिळण्याच्या त्रासाच्या तज्ज्ञाचं) शेवटचं पत्र काय म्हणतं? समजा, द्रव पदार्थ लेव्हल २, म्हणजे 'माइल्डली थिक', थोडे घट्ट; पातळ पेय श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ते घट्ट करतात. केअर प्लॅन काय म्हणतो? हँडओव्हरचा कागद? किचनमधल्या पांढऱ्या बोर्डवर तिच्या नावापुढे काय आहे? चहाच्या ट्रॉलीवरच्या यादीत? आणि शेवटी, तिच्या हातातल्या कपात खरंच काय आहे? चमचा घालून बघा. एका ठिकाणी मला पत्रात २, प्लॅनमध्ये २, किचनच्या बोर्डावर ३ आणि कपात साधा पातळ चहा सापडला होता, कारण ट्रॉलीवरची बाई नवी होती आणि घट्ट करायच्या पावडरचा डबा संपला होता. बोर्डावरचा ३ चूक होता, पण त्याने त्या दिवशी जीव गेला नसता. तो कप जीव घेऊ शकला असता. बाई चहा ठसकत पीत होत्या आणि आवडीने पीत होत्या. त्यांना घट्ट चहा अजिबात आवडत नाही, हे प्लॅनमध्ये कुठेही नव्हतं. म्हणजे त्यांच्याशी, घरच्यांशी, स्पीच पॅथॉलॉजिस्टशी बसून धोका आणि आवड यांचा मेळ घालणारं बोलणं झालेलंच नव्हतं. एका कपात पहिलं, पाचवं आणि सहावं मानक बसलं: व्यक्ती, क्लिनिकल केअर, अन्न आणि पोषण. रोज असा एक माणूस घेतलात तर ६ आठवड्यांत तुम्हाला तुमचं होम हाताच्या रेषांसारखं कळेल.

केअर प्लॅनचंही तसंच. सगळे ७२ एका दमात "रिव्ह्यू" केलेत, तर ७२ प्लॅनवर एकच तारीख पडेल आणि आत काहीच बदललेलं नसेल. आधी ज्यांचं काही बिनसलंय ते घ्या: नुकतेच पडलेले, वजन घटलेले, हॉस्पिटलमधून परत आलेले, शेवटच्या दिवसांत असलेले. आणि वागण्यावर ताबा राहावा म्हणून ज्यांना रिस्पेरिडोनसारखी औषधं चालू आहेत ते सगळे. त्यांच्या बाबतीत संमती कुणी दिली, त्या व्यक्तीला तो अधिकार आहे का, बिहेवियर सपोर्ट प्लॅन आहे का, औषधाच्या आधी दुसरं काय करून पाहिलं, औषध कमी करायचा विचार शेवटचा कधी झाला, हे सगळं लागतं. बाकीच्यांच्या तारखा ठरवून ते वेळापत्रक तुमच्या सुधारणा आराखड्यात टाका. त्याच आराखड्यात कोऱ्या रकान्यांचं प्रकरणही घाला: काय आढळलं, कधी, कारण काय निघालं, काय केलं, कोण बघणार, पुन्हा कधी तपासणार. ऑडिटर आल्यावर पहिल्याच बैठकीत तो त्यांच्यापुढे ठेवा. त्रुटी लिहिली जाईलच, ती टळेल अशी खोटी आशा मी दाखवणार नाही. पण स्वतः शोधलेली, कारणापर्यंत गेलेली आणि अर्धी दुरुस्त झालेली त्रुटी वेगळ्या प्रकारे लिहिली जाते. खोट्या नोंदींना तशी सवलत नाही.

तक्रार करणाऱ्या त्या मुलीला ऑडिटच्या आधी भेटा. तिला गप्प करायला जाऊ नका. तिच्या आईच्या खोलीत, तिच्याशेजारी बसा आणि तक्रारींची यादी तिच्या तोंडून ऐका. तुमच्या रजिस्टरमध्ये तिच्या किती तक्रारी चढल्यात ते आधी मोजून जा; बहुधा तोंडी केलेल्या चढलेल्याच नसतील. बेल वाजवून २५ मिनिटं कुणी आलं नाही असं ती म्हणाली, तर बेलच्या सिस्टिममधून त्या दिवसाची नोंद काढून दोघी मिळून बघा. ती खरी निघाली तर माफी मागा, काय बदलणार ते सांगा आणि आठवड्याने पुन्हा फोन करा. मग ऑडिटरला भेटायची तारीख तुम्हीच तिला कळवा. माझ्या अनुभवात, वर्षभर भांडणारी माणसं "आता ऐकायला लागलेत" हे स्वतःहून सांगतात. नाही सांगितलं तरी तो तिचा हक्क आहे. शिवाय ती थेट आयोगाकडे जाऊ शकतेच, आणि तक्रार केली म्हणून तिला किंवा तिच्या आईला त्रास देणं कायद्यालाच मंजूर नाही.

जनरल मॅनेजरच्या बाबतीत तुम्ही दोनच वाटा बघताय: ऐकायचं नाहीतर राजीनामा. मधली वाट आहे. त्या वाईट आहेत असं पत्रावरून तरी वाटत नाही, घाबरलेल्या आहेत. रंगवलेला कागद आणि सुधारणा आराखड्याचा कच्चा मसुदा घेऊन जा. म्हणा, "मागच्या तारखांच्या नोंदी मी भरणार नाही, स्टाफला सांगणार नाही. त्याऐवजी हे करते." त्याच दिवशी ते सारं छोट्या ईमेलने लिहून पाठवा. भाषा साधी ठेवा, आरोप नको. एक मात्र नक्की वाचून घ्या: नव्या कायद्यात "जबाबदार व्यक्ती" या शब्दाला खास अर्थ आहे, आणि नर्सिंग सेवेची एकूण जबाबदारी सांभाळणारी रजिस्टर्ड नर्स त्यात येते. म्हणजे बहुधा तुम्ही. उद्या "मला वरून सांगितलं होतं" हे पुरणार नाही. ईमेलनंतरही दबाव आला, तर विषय संचालक मंडळापर्यंत गेला पाहिजे. तिथेही कुणी ऐकलं नाही तर आयोगाला सांगण्याची सोय आहे आणि सांगणाऱ्याला कायद्याचं संरक्षणही आहे. तिथवर जाण्याआधी तुमच्या युनियनशी बोला.

स्टाफला उत्तरं पाठ करायला लावू नका. आपली नेपाळी, पंजाबी, फिलिपिनो, मराठी मुलं इंग्रजीत परीक्षा असल्यासारखी घाबरतात आणि पाठ केलेलं विसरली की गप्प होतात. हँडओव्हरच्या वेळी रोज दहा मिनिटं एकच प्रश्न घ्या. "अंघोळ घालताना दंडावर निळा डाग दिसला. तू काय करशील?" त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. चुकलं तर तिथेच सावरा.

शेवटी त्या केअरर मुलीबद्दल. तुमच्या पत्रात तिला दोनच ओळी मिळाल्या आहेत, मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. ती तुम्हाला ताई म्हणते. डब्यातली भाकरी तुम्हाला देत असेल, रोस्टर बदलून हवं असेल तर मराठीत हळूच विचारत असेल. तिचा व्हिसा या नोकरीवर आहे; नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला १८० दिवस मिळतात, आणि ते दिवस कसे मोजले जातात ते तुम्ही-आम्ही ओळखीच्यांच्या घरी पाहिलंय. जनरल मॅनेजरला तुम्ही नाही म्हणू शकाल. ती तुम्हाला नाही म्हणू शकत नव्हती. आणि एज्ड केअरची आचारसंहिता तिलाही लागू आहे. त्या दोन रात्रींच्या नोंदींवर लॉगिन तिचं आहे, तुमचं नाही.

त्या नोंदी पुसू नका, पुसल्याचीही नोंद राहते. तुमच्या सिस्टिममध्ये चुकीची नोंद अमान्य ठरवण्याची जी रीत आहे ती वापरा, आणि घटना-अहवालात तुमच्या नावाने लिहा: या दोन रात्रींच्या नोंदी अमुक तारखेला, माझ्या सांगण्यावरून, मागाहून भरल्या गेल्या, त्या ग्राह्य धरू नयेत, केअररचा यात दोष नाही. हे लिहिताना हात थरथरेल. त्यातून तुम्हालाही प्रश्न विचारले जातील, कदाचित ताकीद मिळेल. मग तिला बोलवा. स्टाफरूममध्ये नको, बाहेर गाडीत बसून बोला, मराठीत बोला. काय लिहिलंत ते तिला वाचून दाखवा, आणि पुन्हा कधी मी असं काही सांगितलं तर नाही म्हणायचं, असं सांगा. तिची पुढची ड्यूटी सुरू होण्याआधी.